चहा आधी, नाव नंतर

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

वेताळपंचविशीतल्या गोष्टी आपण लहानपणी ऐकलेल्या आहेत. विक्रम राजा झाडावरून प्रेत उतरवतो, खांद्यावर टाकतो आणि चालू लागतो. प्रेतातला वेताळ वाटेत गोष्ट सांगतो आणि शेवटी प्रश्न विचारतो. उत्तर ठाऊक असून राजा गप्प बसला तर त्याच्या डोक्याची शकलं होणार आणि बोलला तर वेताळ पुन्हा झाडावर जाऊन लोंबकळणार. चोवीस वेळा राजा बोलतो, चोवीस वेळा त्याला माघारी जावं लागतं. पंचविसाव्या वेळी त्याला उत्तर सुचत नाही, तो गप्प राहतो आणि फेरा संपतो. संगणकाच्या आज्ञावलीत ज्याला 'लूप' म्हणतात तो असाच असतो. एकच कृती पुन्हा पुन्हा करायची, दर खेपेला एक अट तपासायची आणि अट बदलली की थांबायचं.

मात्र या गोष्टीत ऐकणाऱ्याच्या हाती काही नसतं. राजा बोलणार की गप्प बसणार, हे सांगणाऱ्याने आधीच ठरवलेलं असतं. तो निर्णय ऐकणाऱ्याकडे सोपवला तर काय होईल? आज मी ज्या गोष्टीच्या खेळाविषयी बोलणार आहे, तो अशा सोपवण्यातून तयार होतो. पडद्यावर गोष्टीचा एक तुकडा येतो. खाली दोन-तीन पर्याय असतात. आपण एकावर बोट ठेवायचं आणि गोष्ट त्या वाटेने पुढे जाते. असा एक छोटा खेळ मी गेल्या पावसाळ्यात तयार केला. मी कविता लिहिणारी बाई. मराठी विषय घेऊन बी.ए. झाले आणि पन्नाशी ओलांडल्यावर आयुष्यातली पहिली आज्ञावली लिहिली. तेव्हा हे बोलणं तज्ज्ञाचं नाही, नवशिकीचं आहे, एवढं ध्यानात ठेवून ऐकावं.

या प्रकाराचा जन्म एका गुहेत झाला असं म्हणायला हरकत नाही. अमेरिकेत विल क्राउथर नावाचे संगणकतज्ज्ञ होते. आजच्या इंटरनेटची आजी म्हणावी अशा 'आर्पानेट'च्या उभारणीत त्यांचा हात होता. त्यांना गुहा धुंडाळण्याचा छंद होता. केंटकी राज्यातल्या मॅमथ केव्ह या प्रचंड गुहेचे नकाशे करणाऱ्यांपैकी ते एक. घटस्फोट झाला, दोन्ही मुली दुरावल्यासारख्या झाल्या, तेव्हा मुलींना खेळता यावं म्हणून १९७५-७६च्या सुमारास त्यांनी त्या गुहेचं वर्णन संगणकात घातलं. चित्र एकही नाही, सगळं शब्दांत. तुम्ही अमुक ठिकाणी उभे आहात, समोर अमुक दिसतंय, आता काय करता? खेळणाऱ्याने एक-दोन शब्दांत उत्तर टंकायचं आणि गुहेत पुढे सरकायचं. १९७७मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या डॉन वूड्स यांनी त्यात भर घातली आणि 'अॅडव्हेंचर' या नावाने तो खेळ संगणकांवरून संगणकांवर पसरला. १९७९पासून इंग्रजीत 'चूज युवर ओन अॅडव्हेंचर' ही पुस्तकमाला निघाली. त्यात पानाखाली सूचना असत, दार उघडायचं असेल तर अमुक पानावर जा, पळायचं असेल तर तमुक पानावर जा. म्हणजे कागदावरही हे जमतं.

नवशिक्याला सोयीचं साधन आलं ते २००९मध्ये. ख्रिस क्लिमस यांनी 'ट्वाइन' नावाची प्रणाली तयार केली आणि ती मोफत खुली केली. २०१८च्या डिसेंबरात आलेला 'बँडरस्नॅच' हा प्रेक्षकांनी निर्णय घ्यायचा चित्रपट काहींनी पाहिला असेल. त्याचा कच्चा आराखडाही लेखकाने ट्वाइनमध्ये मांडला होता. ट्वाइनमध्ये एक कोरा पडदा असतो. त्यावर पत्त्यांसारखे चौकोन मांडायचे. एका चौकोनात गोष्टीचा एक तुकडा. त्यातले काही शब्द दुहेरी चौकोनी कंसात घातले की ते शब्द पर्याय होतात आणि त्या नावाचा नवा चौकोन आपोआप तयार होतो. दोघांना जोडणारा बाणही दिसतो. एवढं शिकायला पंधरा मिनिटं पुरतात. मराठीही बिनतक्रार चालते. अट एकच, मजकूर युनिकोडमध्ये टंकलेला हवा. जुन्या छपाईच्या फाँटमध्ये टंकलेली मराठी तिथे चिकटवली, तर पडद्यावर अगम्य चिन्हांची रांग उमटते.

आता गोष्ट कोणती घ्यायची? मी २६ जुलै २००५ हा दिवस घेतला. त्या मंगळवारी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि त्याच वेळी कुलाब्याला जेमतेम ७३. म्हणजे फोर्टातल्या कचेरीतून दुपारी घरी निघालेल्या माणसाला पुढे काय वाढून ठेवलंय याची कल्पना असायचं कारण नव्हतं. अर्धवट माहितीवर निर्णय घ्यायचा, हीच या खेळाची गंमत असते. तो दिवस तर तशा निर्णयांनीच भरलेला होता. माझी थोरली बहीण तेव्हा कुर्ल्यात एका चाळीच्या पहिल्या मजल्यावर राहायची. तिच्याकडून त्या रात्रीचे किस्से मी अनेकदा ऐकले होते.

माझ्या खेळात लोकलगाडी शीव आणि कुर्ल्याच्या मध्ये थांबते. रुळांवर पाणी चढू लागतं. डब्यात बसून राहायचं, उतरून रुळांवरून चालायचं, की रस्ता गाठायचा? इथे नवशिक्याला पहिला धडा मिळतो आणि तो गणिताचा असतो. समजा, प्रत्येक टप्प्यावर दोनच पर्याय ठेवले आणि प्रत्येक वाट वेगळी राखली. दहा टप्प्यांनंतर गोष्टीचे शेवट होतात १०२४ आणि लिहायचे तुकडे २०४७. प्रत्येक तुकडा पन्नास शब्दांचा धरला तरी लाखावर शब्द होतात. एवढं लिहून खेळणाऱ्याला एका खेपेत दिसणार त्यातले फक्त अकरा तुकडे. म्हणून हे खेळ लिहिणारे वाटा फोडतात, तशा पुन्हा जोडतातही. रेल्वेच्या जंक्शनासारखं समजा. माझ्या खेळात रुळांवरून आलेला आणि रस्त्याने आलेला, दोघेही रात्री त्याच चाळीच्या जिन्यापाशी पोहोचतात.

पण सगळे जर एकाच जिन्यापाशी येणार, तर वाटेतल्या निवडीला अर्थ काय राहिला? याचं उत्तर शाळेच्या बीजगणितात आहे. तिथे आपण 'चल' शिकलो होतो. क्ष म्हणजे एक रिकामी डबी, तिच्यात कोणतीही किंमत ठेवता येते. खेळातही अशा डब्या असतात. ट्वाइनमध्ये 'सेट' ही आज्ञा देऊन डबीत काहीतरी ठेवायचं आणि पुढे कुठेही 'इफ' म्हणजे 'जर' लावून ती डबी उघडून पाहायची. गोष्टीची ही स्मरणशक्ती. वाटा जुळल्या तरी कोण कुठून आलं, हे खेळाच्या लक्षात राहतं.

उदाहरण देते. थांबलेल्या डब्यात हिरवी छत्री घेतलेल्या एक आजी आहेत. तुमच्या बाटलीत थोडं पाणी उरलंय. द्यायचं की पुढच्या चालीसाठी राखायचं? आता ज्याने पाणी दिलं त्याला शेवटी बक्षीस मिळालं, तर ती बोधकथा झाली आणि खेळणारा दुसऱ्या खेपेला बक्षिसासाठी पाणी देईल. मी वेगळं केलं. पाणी देताना आजींशी चार शब्द होतात. त्या कुठे निघाल्यात, मुलगा कुठे राहतो, हे कळतं. रात्री चाळीच्या जिन्यावर एक माणूस प्रत्येकाला विचारत असतो, हिरवी छत्री घेतलेली म्हातारी कोणी पाहिली का? पाणी दिलेलं असेल तर तुम्ही त्याला सांगू शकता की तुमची आई डब्यातच बसून आहे, मी चालणार नाही म्हणाली, सुखरूप आहे. पाणी दिलेलं नसेल तर पडद्यावर तो पर्याय येतच नाही. छत्री दिसली होती, एवढंच तुम्ही सांगू शकता. कोणी तुम्हाला दोष देत नाही. फक्त सांगण्यासारखं तुमच्याकडे काही नसतं. यासाठी लागली एक डबी आणि दोन ओळींची एक अट.

यानंतर माझी गाठ पडली ती संगणकापेक्षा अवघड गोष्टीशी, म्हणजे मराठी व्याकरणाशी. इंग्रजीत वाचणाऱ्याला 'यू' म्हटलं की भागतं. आपल्याकडे 'तू गेलास' म्हणायचं की 'तू गेलीस'? क्रियापद उच्चारल्याबरोबर वाचणारा पुरुष आहे की बाई, ते लेखकाला ठरवावं लागतं. 'तुम्ही' वापरलं तर पुष्कळ सुटका होते. 'तुम्ही चालता', 'तुम्ही पोहोचलात' हे दोघांनाही चालतं. 'तू दार उघडलंस' हेही चालतं, कारण तिथे क्रियापद दाराप्रमाणे बदलतं. पण 'तुम्ही भिजलेले आहात' लिहिलं की बाई वगळली जाते. तिथे 'अंगावरचे कपडे निथळताहेत' असं लिहून वळसा घ्यावा लागतो. हा वळसा बहुतेक वेळा मूळ वाक्यापेक्षा बरा निघतो, हा माझा अनुभव.

तरी संवादात वळसे चालत नाहीत. डब्यातल्या आजी कुणाला 'दमलास का रे' म्हणतील, कुणाला 'दमलीस का गं' आणि पिकल्या केसांच्या माणसाला 'दमलात का हो'. म्हणजे लिंग हवं आणि वयही हवं. सरकारी अर्जासारखे हे रकाने गोष्टीच्या सुरुवातीला भरून घेणं जिवावर येत होतं. मग एक प्रश्न सुचला. लोक तुम्हाला काय हाक मारतात? दादा, ताई, काका की मावशी? या एका शब्दाने सगळं भागलं. ताई म्हटलं की 'दमलीस', काका म्हटलं की 'दमलात'. मुंबईच्या गर्दीत अनोळखी माणसाला आपण अशीच हाक मारतो. एका शब्दात समोरच्याचं वय मोजतो, मान ठेवतो आणि नातंही जोडतो. ही हाक मी पहिल्या डबीत ठेवली.

आणि नाव? बहुतेक खेळ सुरुवातीलाच खेळणाऱ्याचं नाव विचारतात. एक रिकामी चौकट येते, तिच्यात नाव टंकायचं, मग पात्रं तुम्हाला नावाने हाका मारतात. माझ्या आराखड्यातही चाळीतल्या घराचं दार वाजवल्यावर आतून प्रश्न येत होता, "कोण? नाव काय?"

कच्चा खेळ मी माझ्या भाचीला खेळायला दिला. कुर्ल्याच्या त्या बहिणीची मुलगी. त्या रात्री ती पहिलीत होती. घरात आठ-दहा अनोळखी माणसं झोपली होती आणि आपल्याला स्टोव्हजवळ जागा मिळाली होती, एवढं तिला आठवतं. आज ती संगणक अभियंता आहे. त्या दारापाशी ती थांबली आणि म्हणाली, "खाला, इथे नाव विचारतेस, पण नावाचं काहीच करत नाहीस. काहीही टंकलं तरी दार उघडतं. खऱ्या आयुष्यात तसं होतं का?"

तिने हे वाईट हेतूने विचारलं नव्हतं. नोकरीच्या शहरात भाड्याने खोली शोधताना तिने हे अनुभवलंय. फोनवर सगळं ठरतं, भाडं ठरतं, अनामत ठरते आणि नाव सांगितलं की खोली कालच दुसऱ्याला दिलेली असते. माझ्या वाट्याला यातलं सौम्य रूप येतं. कविता वाचून झाली की कुणीतरी प्रेमाने जवळ येऊन सांगतं, "तुम्ही किती छान मराठी बोलता!" घरात दखनी आणि शाळेत, अंगणात, स्वप्नात मराठी, असं पन्नास वर्षं चाललंय. पण माझं नाव माझ्या मराठीच्या आधी पोहोचतं.

तर भाचीच्या म्हणण्यात तथ्य होतं. मग मी ती अट लिहून पाहायची ठरवली. कशी लिहायची? संगणकाला नावातलं काही कळत नाही. त्याच्या लेखी सलमा आणि सुलभा म्हणजे अक्षरांच्या दोन माळा. कोणत्या माळेला दार उघडायचं आणि कोणत्या माळेला नाही, ते त्याला एकेक करून सांगावं लागतं. जर नाव अमुक असेल तर दार बंद. जर नाव तमुक असेल तर दार बंद. म्हणजे मला बसून यादी करायची होती. त्या यादीत माझं नाव आलं असतं, माझ्या आईचं आलं असतं आणि ज्या बहिणीने त्या रात्री दार उघडलं होतं, तिचंही आलं असतं.

चार दिवस मी तो चौकोन तसाच ठेवला. आपण म्हणतो, समाजात भेदभाव आहे. जणू तो हवेत असतो, दमटपणासारखा, कुणी केलेला नसतो. आज्ञावलीत तशी सोय नाही. तिथे बंद होणाऱ्या प्रत्येक दारामागे कुणीतरी बसून लिहिलेली एक ओळ असते आणि ती लिहिल्याशिवाय दार बंद होत नाही. हल्ली आज्ञावलीही संगणकच लिहून देतो. आपण साध्या भाषेत सांगितलं की पुरतं. पण कोणती अट घालायची, हे शेवटी माणूसच सांगतो, निदान आलेली अट वाचून ठेवायची की खोडायची, हे तरी त्याच्याच हातात असतं.

ती यादी मी केली नाही. पण सगळी दारं आपोआप उघडतात, असं सांगणंही खरं झालं नसतं. म्हणून मी बहिणीला फोन केला आणि विचारलं, त्या रात्री आलेल्या माणसांना तू नावं कधी विचारलीस? ती म्हणाली, "अगं, माणसं कुडकुडत होती. आधी चहा टाकला. नावं सकाळी कळली, जाताना."

माझी अडचण तिने सोडवली. मी नावाची चौकट उचलली आणि दारातून काढून सकाळच्या चौकोनात ठेवली. आता खेळात रात्री दार वाजतं, आतून आवाज येतो, "कोण?" आणि उत्तर म्हणून पहिल्या डबीतली हाक वापरली जाते. "ये ताई, आत ये." "या काका, जपून, पायरी निसरडी आहे." चहा येतो, कोरडे कपडे येतात. पाणी ओसरल्यावर, निघताना, घरची बाई विचारते, "नाव नाही विचारलं रात्री. काय नाव?" तेव्हा चौकट येते. तिथे काय टंकलं जाईल ते मला ठाऊक नाही आणि त्याने काही बदलतही नाही.

शेवटी मी एक छोटा भाग जोडला. वर्षभराने पुन्हा असाच पाऊस आहे. या वेळी तुम्ही घरात आहात आणि दार वाजतं. पर्याय तीन. दार उघडायचं, आतूनच नाव विचारायचं, की दिवा मालवून गप्प राहायचं. भाचीच्या प्रश्नाचं उत्तर मी खेळणाऱ्यावर सोपवलंय. कोणता पर्याय निवडला यावर खेळ शेरा मारत नाही, गुणही देत नाही. आतापर्यंत मी जवळच्या लोकांना खेळायला दिला, तेव्हा बहुतेकांचं बोट या ठिकाणी जरा थबकलेलं मी पाहिलं.

ज्यांना हे करून पाहायचंय, त्यांच्यासाठी चार व्यवहाराच्या गोष्टी सांगते. सुरुवात संगणकावर करू नका, वहीच्या जोडपानावर करा. शेवट आधी ठरवा, दोन किंवा तीन, जास्त नकोत. पंधरा-वीस चौकोनांत मावेल एवढीच पहिली गोष्ट घ्या. डब्या, म्हणजे चल, दोन-तीनच ठेवा आणि कोणत्या डबीत काय आहे ते वहीत लिहून ठेवा. प्रत्येक वाट स्वतः चालून पाहा, कारण एका अक्षराचा फरक पडला तरी संगणक ते दुसरंच नाव समजतो. मग दुसऱ्याला खेळायला द्या आणि शेजारी तोंड मिटून बसा. तो कुठे अडतो, ते त्याच्या चेहऱ्यावर दिसतं. ट्वाइन ब्राउझरमध्ये वापरत असाल, तर काम त्या ब्राउझरच्या साठ्यातच राहतं. तो साठा कुणी साफ केला की गोष्ट गेली. म्हणून रोज उठताना तिची प्रत उतरवून घ्या. तयार खेळ म्हणजे एकच फाइल असते. पेनड्राइव्हवर घालून कुणालाही देता येते आणि साध्या मजकुराची गोष्ट इंटरनेट नसतानाही उघडते.

शाळेतल्या शिक्षकांना तर माझी विशेष विनंती आहे. इतिहासाचा एखादा प्रसंग, गावातली पाणीटंचाई, एसटी चुकलेल्या मुलीचा दिवस, असं काहीही मुलांना या पद्धतीने लिहायला द्या. मुलं आज्ञावली शिकतील, आणि त्याहीपेक्षा, प्रत्येक 'जर' लिहिताना तो का लिहिला, असं कुणी विचारलं तर त्यांना उत्तर द्यावं लागेल. आणि एक सांभाळा. मुलांना गोष्टीत पात्रांची नावं घालू द्या, पण कोणत्या नावाला काय घडतं, ते वर्गात मोठ्याने वाचून घ्या.